कॉफी संपली, चोथा उरला... आता पुढे?

सकाळची फिल्टर कॉफी झाली, ऑफिसला उशीर होतोय आणि भांड्यात काळा चोथा तसाच आहे. मग काय, नळ सोडायचा आणि सगळं सिंकमध्ये! पण जरा थांबा. हा चोथा पाण्यात विरघळत नाही. तेल-तुपाशी हातमिळवणी करून तो पाइपमध्ये घट्ट बसतो आणि एक दिवस प्लंबरला फोन करावा लागतो.

आणि जे पाइपमधून पुढे जातं, ते कुठे जातं? नाशिककरांसाठी या प्रश्नाचं एक उत्तर आहे सायखेडा. निफाड तालुक्यातलं, गोदाकाठचं हे शेतीचं गाव शहराच्या खालच्या अंगाला आहे. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर नदीत पाणवेली माजतात आणि पाणी वाढलं की वाहत येऊन सायखेड्याच्या पुलाला अडकतात. ऑगस्ट २०१६ च्या पुरात तर सायखेडा आणि चांदोरी या दोन्ही गावांत पाणी शिरलं होतं. तुमच्या दोन चमचे चोथ्याने पूर येत नाही, हे खरंच. पण जे नत्र नदीत नकोसं होतं, तेच कुंडीत हवंहवंसं असतं. गावाकडे शेण, पाला, भाजीची देठं सगळं उकिरड्यावर जातं आणि खत होऊन शेतात परततं. आपल्या फ्लॅटमध्ये ही साखळी तुटते, एवढंच!

थेट कुंडीत? नको!

'कॉफी टाका, गुलाब फुलवा' असा सल्ला सगळीकडे मिळतो. प्रत्यक्षात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ताजा चोथा थेट मातीत मिसळल्यावर भाज्यांची वाढ चक्क खुंटली. शिवाय जाड थर दिला तर तो वाळून पापडासारखा कडक होतो आणि पाणी वरूनच वाहून जातं. दुसरा गैरसमज आम्लतेचा. कॉफीतलं बरंचसं आम्ल तुमच्या कपात उतरलेलं असतं. चोथा जवळजवळ उदासीनच उरतो. त्यामुळे चोथ्याने माती आंबट होईल ही आशा नको आणि भीतीही नको.

त्याची खरी जागा कंपोस्टमध्ये. त्यात साधारण दोन टक्के नत्र असतं. म्हणजे रंग तपकिरी असला तरी हिशेबात तो 'ओला कचरा'. सोबत वाळलेला पाला हवाच.

असं करा

- भोकं पाडलेली बादली किंवा मडकं घ्या. तळाला वाळक्या पानांचा थर द्या.
- त्यावर भाजीची देठं, सालं आणि चोथा. एकूण ढिगात चोथा एक पंचमांशापेक्षा जास्त नको.
- प्रत्येक ओल्या थरावर दुप्पट सुका पाला किंवा फाडलेला पुठ्ठा.
- सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा शेण टाका. आठवड्यातून एकदा हलवा. वास आला तर सुका पाला वाढवा.
- दोन-तीन महिन्यांत मातीसारखा वास येणारं काळं खत तयार!
- चोथा साठवायचा असेल तर पेपरवर पसरून वाळवा, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते.

चहावाल्यांनो, तुम्हीसुद्धा!

इन्स्टंट कॉफी पिणाऱ्यांकडे चोथा नसतोच. पण चहा तर घरोघरी. फरक एकच: फिल्टर कॉफीत दूध नंतर पडतं, त्यामुळे चोथा स्वच्छ. आपला चहा दूध-साखरेसकट उकळतो. तो चोथा आधी धुऊन घ्या, नाहीतर मुंग्यांची पार्टी ठरलेली.

हे सगळं घरापुरतंच चालतं असं वाटतंय? तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये केटरिंग ऑफिसर असलेल्या प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये तिथल्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर बाग सुरू केली, ती स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचंच खत करून. रोज हजारोंचं जेवण शिजवणाऱ्या किचनला जे जमलं, ते तुमच्या ऑफिसच्या पँट्रीला का जमू नये? तिथल्या कॉफी मशीनचा एका दिवसाचा चोथा तुमच्या घरच्या आठवड्याभराच्या चोथ्यापेक्षा जास्त भरेल. उद्या पँट्रीतल्या दादांना एक रिकामा डबा देऊन बघा. वीकेंडला तो घरी आणा, बादलीत पाल्याबरोबर टाका. पुढच्या सीझनला बाल्कनीतल्या मिरच्या हिशेब चुकता करतील!