अख्ख्या इमारतीला एक धोबीखोली

बार्सिलोनात २०१८ साली ‘ला बोर्दा’ नावाची २८ घरांची इमारत उभी राहिली. नियम सांगत होता की तळघरात पार्किंग पाहिजेच. राहायला येणारी मंडळी म्हणाली, आम्हाला गाड्या नकोत, मग खड्डा कशाला खणायचा? त्यांची सहकारी संस्था हटून बसली आणि शेवटी पार्किंगच्या सक्तीतून सुटली. पार्किंगवरून जनरल बॉडीत आवाज चढवणाऱ्या आपल्या सोसायट्यांना ही बातमी परग्रहावरची वाटेल! पण फायदा बघा. तळघर म्हणजे काँक्रीट, काँक्रीट म्हणजे सिमेंट, आणि जगभरच्या कार्बन डायऑक्साइडमधला साधारण ७-८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. खड्डाच नाही म्हटल्यावर तेवढं काँक्रीट वाचलं आणि पैसेही.

ला बोर्दा हा को-हाउसिंगचा नमुना. को-हाउसिंग म्हणजे आश्रम नव्हे आणि कम्यूनही नव्हे. प्रत्येकाचं दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, कुलूपही वेगळं. त्याच्या जोडीला सगळ्यांचं मिळून एक ‘कॉमन हाउस’: मोठं स्वयंपाकघर, जेवणाची जागा, पाहुण्यांच्या खोल्या, कपडे धुण्याची सोय. वीट रचायच्या आधीपासून राहणारेच बसून आराखडा ठरवतात आणि नंतरचा कारभारही तेच बघतात.

फोटो सोलरचा, काम धोबीखोलीचं

अशा वस्त्यांवरच्या लेखांत हटकून छपरावरचे सोलर पॅनेल दिसतात. धोबीखोलीचा फोटो कोणी छापत नाही. पण ला बोर्दात घरोघरी वॉशिंग मशीन नाही, सगळ्यांची मिळून एकच धोबीखोली. जी मशीन विकतच घेतली नाहीत, ती बनवायला पोलाद लागलं नाही आणि ती ठेवायला घरात कोपराही अडला नाही. पाहुण्यांच्या खोलीचं गणित तर याहून भारी. वर्षातून आठ दिवस येणाऱ्या मावशीसाठी आपण बाराही महिने एक जादा बेडरूम बांधून, झाडून-पुसून ठेवतो. इथे मावशी आली की कॉमन हाउसमधली खोली लावून ठेवायची. घर तेवढं लहान झालं की सिमेंट, रंग, हीटर, दिवे सगळंच कमी लागतं. पर्यावरणाच्या नावाने जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं या एका खोलीपुढे फिकं पडेल, असं माझं मत.

इमारतीचा सांगाडाही बघण्यासारखा. तळमजला काँक्रीटचा आणि वरचे मजले लाकडी फळ्या आडव्या-उभ्या चिकटवून केलेल्या जाड पॅनेलचे. बांधली तेव्हा ती स्पेनमधली सर्वांत उंच लाकडी इमारत होती. मधोमध जुन्या वाड्यासारखा चौक, भोवती गॅलऱ्या आणि चौकावर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं छप्पर. हिवाळ्यात छप्पर बंद, म्हणजे आत ऊन साठतं. उन्हाळ्यात उघडलं की गरम हवा वरून निघून जाते. २०२२ मध्ये युरोपच्या मीस व्हॅन डर रोह पुरस्कारांत नवोदितांचा मान या इमारतीच्या ‘लाकोल’ या वास्तुरचनाकार गटाला मिळाला.

काडाच्या भिंती

इंग्लंडमधल्या लीड्स शहरात ‘लायलॅक’ नावाची २० घरांची वस्ती आहे. २०१३ साली लोक तिथे राहायला आले. त्या घरांच्या भिंतींत चक्क गव्हाचं काड आहे! लाकडी चौकटीत काडाचे गठ्ठे दाबून भरायचे, वरून चुन्याचा गिलावा मारायचा, की पॅनेल तयार. घरात राहायला येणाऱ्यांनी स्वतः काड ठासायला हात लावला. काडात भरपूर हवा अडकलेली असते, त्यामुळे थंडी आत येत नाही. शिवाय पीक वाढताना हवेतून ओढलेला कार्बन भिंतीतच अडकून राहतो. लाकडासाठी झाड वाढायला कित्येक वर्षं लागतात, काड दर हंगामाला नवं मिळतं.

आता हमखास येणारा प्रश्न: पेटलं तर? सुटं काड भुर्रकन पेटतं, पण घट्ट दाबलेल्या गठ्ठ्यात आगीला लागणारी हवा शिरत नाही. त्यावर चुन्याचा थर. अशा पॅनेलने आगीच्या चाचणीत दोन तासांहून जास्त टिकाव धरलेला आहे. उंदरांची शंका असेल, तर त्यांनाही गिलावा फोडूनच आत जावं लागेल.

लायलॅकची आणखी एक गंमत. घराचा मासिक हप्ता घराच्या बाजारभावावर नाही, माणसाच्या कमाईवर ठरतो: हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या ३५ टक्के.

पत्त्यांचा डाव आणि हीटर

इंग्लंडमध्येच, लँकेस्टरजवळ लून नदीकाठी ‘फोर्जबँक’ वस्ती आहे. ४१ घरं, सगळी ‘पॅसिव्हहाउस’ मानकाची. या पद्धतीचं पहिलं घर १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाट गावी उभं राहिलं. नियम कडक: घर गरम ठेवायला दर चौरस मीटरला वर्षाला १५ युनिटहून जास्त ऊर्जा लागता कामा नये. म्हणजे ८० चौरस मीटरच्या घराला वर्षभरात फार तर १,२०० युनिट, तेही इंग्लंडच्या थंडीत. भिंती इतक्या जाड आणि फटी इतक्या कमी की माणसांच्या अंगची ऊबही हिशोबात धरतात. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकतो. पत्ते खेळायला दहा जण जमले की झाला एक किलोवॉटचा हीटर! आत कोंदट होत नाही, कारण बाहेर जाणारी शिळी हवा आत येणाऱ्या ताज्या हवेला न मिसळता ऊब देऊन जाते. खिडक्या उघडायला बंदी आहे ही निव्वळ अफवा.

उलटा सूर्य

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळ ‘अर्थसाँग’ ही ३२ घरांची वस्ती आहे. माती ठोकून केलेल्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री ऊब सोडतात. गाड्या कडेला लावायच्या आणि आत पायी जायचं. मोठ्या खिडक्या मात्र उत्तरेला! दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेकडून फिरतो. युरोपातला नकाशा जसाच्या तसा उचलला असता, तर हिवाळाभर सावलीत कुडकुडत बसावं लागलं असतं.

कुंपण काढा, झालं

नवं बांधायला पैसे नाहीत? कॅलिफोर्नियात डेव्हिस गावी ‘एन स्ट्रीट’वर १९८६ मध्ये दोन शेजारच्या घरांनी मधलं कुंपण काढून टाकलं. मग तिसऱ्याने काढलं, चौथ्याने काढलं. आज पंधराहून जास्त घरांची परसं एक झाली आहेत. जुनं घर पाडलं नाही, नवं सिमेंट ओतलं नाही. बक्षीस मात्र नव्या चकचकीत इमारतीला मिळतं, त्याला इलाज नाही.

मुळात पर्यावरण नव्हतंच

या सगळ्याची सुरुवात डेन्मार्कमध्ये झाली. बोडिल ग्रो यांनी १९६७ मध्ये तिथल्या वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचं नावच होतं ‘मुलांना शंभर आईबाप हवेत’. यान गुडमन-होयर या वास्तुरचनाकाराने त्याच्याही आधीपासून मित्रांसह अशा वस्तीसाठी धडपड चालवली होती. त्यांनी घेतलेल्या पहिल्या जागेवर शेजाऱ्यांनी कडाडून विरोध केला. कारण काय, तर पोरांचा कलकलाट होईल! पुढे १९७२ मध्ये ‘सेटेडामेन’ ही पहिली वस्ती उभी राहिली, तिथे २७ कुटुंबं आली. कोणाच्याही डोक्यात कार्बनचा हिशोब नव्हता. सोबत हवी होती, मुलांना अंगण हवं होतं. ऊर्जेची बचत ही वरकमाई.

एकत्र जेवणाचंही तसंच. तीस घरांत तीस शेगड्या पेटवण्यापेक्षा एका मोठ्या पातेल्यात सूप शिजवलं, तर इंधन कमी लागतं आणि उरलंसुरलं फेकायची वेळही कमी येते. पण डेन्मार्कमधल्या माणसाला विचाराल, तर तो वेगळंच गणित सांगेल: बहुतेक वस्त्यांत महिन्यातून एखाद-दोनदाच रांधायची पाळी येते, बाकीच्या सामूहिक जेवणांना आयतं ताट. भांडी घासायची पाळी वेगळी, आणि ती चुकवता येत नाही. तक्ता कॉमन हाउसच्या भिंतीवरच लावलेला असतो.