दोर आधाराला, पाऊल मुलाचे

‘‘अहो बाई, मूल दोरांना टांगून का कुठे चालायला शिकते?’’ मुलांना व्यायाम देण्याच्या माझ्या व्यवसायात हा प्रश्न आयांनी मला कितीदा विचारला असेल, त्याची गणती नाही. लोखंडी जाळीची ती पिंजऱ्यासारखी चौकट, मुलाच्या कमरेला पट्टा आणि पट्ट्यापासून चहूबाजूंना ताणलेले लवचीक दोर! पाहणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचेच.

शास्त्र मात्र साधे आहे. सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. स्नायूंवर हुकमत राहत नाही आणि मुलाला आपल्याच पायाचे वजन डोईजड होते. मुलाला उताणे निजवून पाय झोळीत ठेवला व झोळीचा दोर खुब्याच्या नेमका वर अडकवला, की पाय जमिनीला समांतर झुलतो. भार दोर वाहतो. पाय बाजूला नेण्याचे काम मुलाकडे उरते. कमरेच्या पट्ट्याचेही तेच. मूल कलंडले तर दोर सावरतात, पण तोल सांभाळायचा तो मुलानेच.

ही विद्या कालपरवाची नव्हे. इंग्लंडमध्ये ऑलिव्ह गथ्री-स्मिथ या बाईंनी दोर, झोळ्या आणि आकड्यांची चौकट रूढ केली. त्यांचा ग्रंथ १९४३ साली निघाला. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांचे स्नायू वजनरहित अवस्थेत दुबळे पडू नयेत म्हणून लवचीक पट्ट्यांचा ‘पेंग्विन’ पोशाख निघाला आणि १९९० नंतरच्या दशकात त्याच धर्तीचा पोशाख या मुलांच्या अंगावर चढला.

इथेच सावध राहायला हवे. एका केंद्राने ‘महिन्यात चालवून दाखवू’ अशी हमी दिली, म्हणून एक गृहस्थ शेत विकायला निघाले होते. मी म्हटले, ‘‘दादा, शेत राहू द्या. मेंदूची इजा दोराने पुसली जात नाही.’’ आजवरच्या पाहण्यांत अशा पोशाखाचा वेगळा असा फायदा फारसा दिसलेला नाही. गुण येतो तो नेमके काम ठरवून रोज केलेल्या सरावाने: पाटावरून उठणे, पायरी चढणे, हाताने घास घेणे.

त्या मुलासाठी आम्ही एकच काम ठरवले, आधार धरून पाटावरून उठणे. चौकटीत आठवड्यातून दोनदा, घरी रोज जेवणाआधी. चार महिन्यांनी ते खांब धरून उठले. चालत नाही अजून. पण आता जेवण झाले की आईला हाक मारीत नाही.

वाचकहो, घरी साडीचा झोका बांधून हे प्रयोग करू नका. तज्ज्ञाला मात्र एवढे जरूर विचारा : ‘‘यातून माझे मूल रोजचे कोणते काम स्वतः करू लागेल?’’