वळणावर तेल कुठे जातं?

माझदा मिआटा १९८९ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिच्या डॅशबोर्डवर ऑइल प्रेशरचा खरा मीटर होता. १९९५च्या मॉडेलपासून तो नावापुरता उरला. दाब एका किमान मर्यादेच्या वर असला की काटा मधोमध उभा राहतो आणि मग दाब दुप्पट झाला किंवा निम्म्यावर आला, तरी हलत नाही. रोजच्या रस्त्यावर त्याने काही अडत नाही. पण या गाड्या आज तिशीत आहेत आणि हौशी चालक त्या ट्रॅकवर पळवतात. तिथे हा काटा घातक ठरतो, कारण ट्रॅकवर दाब सरासरीत घसरत नाही, तो एखाद्या वळणात क्षणभर कोसळतो. गाडी वळणावर १ जी इतका आडवा त्वरण-भार सोसत असेल, तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. तेल एका भिंतीवर चढतं, शोषनळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. ७००० आरपीएमला क्रँकशाफ्ट अर्ध्या सेकंदात जवळपास ५८ वेळा फिरतो. तेवढ्या फेऱ्या बेअरिंगला पुरेशा तेलाविना काढाव्या लागतात.

मग तेल थोडं जास्तच भरलं तर? अर्धा लिटर जादा भरणारे अनुभवी लोक आहेत आणि काही इंजिनांत त्याचा उपयोग होतोही. पण पातळी फार चढली की फिरता क्रँक तेलाला घुसळतो, फेस होतो, आणि जी हवा टाळायची होती तीच तेलात मिसळून बेअरिंगपर्यंत पोचते. काही तेल ब्रीदरमधून इनटेकमध्येही जातं. जुन्या इंजिनात धोका बहुधा उलट बाजूने येतो: झिजलेल्या रिंगांमुळे तेल जळतं आणि सकाळी पुरेशी असलेली पातळी दुपारपर्यंत उतरते. म्हणून प्रत्येक फेरीनंतर गाडी सपाट जागी लावून, वर अडकलेलं तेल खाली उतरायला काही मिनिटं देऊन डिपस्टिक बघावी. हे काम कंटाळवाणं आहे, पण इंजिन वाचवणारं याहून स्वस्त काम दुसरं नाही.

दुसरा युक्तिवाद जाड तेलाचा. १२० अंशांच्या पुढे तापणाऱ्या, झिजलेल्या इंजिनात एक ग्रेड जाड तेल घालणं रास्त आहे. मात्र दाब म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध. तेल जाड झालं की मीटरवरचा आकडा वाढतो, पण बेअरिंगमधून वाहणारं आणि तिथली उष्णता वाहून नेणारं तेल कमी होतं. शिवाय नळी हवेत असेल, तर तेल किती जाड आहे याने काहीच फरक पडत नाही. तेल नळीपाशी धरून ठेवणारे बॅफल आणि एकाच दिशेला उघडणारे पडदे हाच खरा उपाय. त्यानेही भागलं नाही, तर दाबाखाली तेल साठवून ऐन वेळी सोडणारा अ‍ॅक्युम्युलेटर बसवावा.

कंपनीचा लाल दिवा साधारण अर्ध्या बारच्या आसपास लागतो. दर हजार आरपीएमला १० पीएसआय हा गॅरेजमधला जुना ठोकताळा मानला, तर ६००० आरपीएमला ६० पीएसआय, म्हणजे चार बारहून जास्त दाब हवा. तिथे अर्ध्या बारला मिळालेली सूचना फार उशिरा येते. खरा सेन्सर आणि दोन बारला लागणारा दिवा बसवला, की दाब कधी पडतो ते कळतं. एकाच लांब वळणात दाब पडत असेल, तर दोष पातळीचा किंवा बॅफलचा. तेल तापेल तसतसा सगळीकडे हळूहळू उतरत असेल, तर आधी ऑइल कूलर तपासावा आणि मग चेंबर खोलून बेअरिंग.