अडखळणाऱ्याला दुप्पट सवाब

आमची उंद्री घ्या, नाहीतर चिखली तालुक्यातलं दुसरं कोणतंही गाव घ्या. एखाद्या घरी असं लेकरू असतंच. वय दहा वर्षांचं, पण शिकवलेलं टिकत नाही. शाळेत मास्तर रागावतात. मशिदीत अरबी शिकवणारे मौलाना रागावतात. आई कपाळाला हात लावते. म्हणते, "याले अलिफ-बे येत नाही, हा दीन-धरम काय शिकंल?"

असं लेकरू आळशी नसतं. काहींची बुद्धी चांगली असते, फक्त वाचणं-लिहिणं जड जातं. तिला अध्ययन अक्षमता म्हणतात. काहींची सगळीच समज हळू वाढते. तिला बौद्धिक अक्षमता म्हणतात.

वाचनाची अडचण तुम्हांला चटकन कळेल. तुम्ही नुकतेच वाचायला शिकलात. घ आणि ध, भ आणि म यांत घोटाळा होत होता की नाही? अरबीत बे, ते, से या तीन अक्षरांचा आकार एकच. बेच्या खाली एक टिंब, तेच्या वर दोन, सेच्या वर तीन. शिवाय मराठी डावीकडून वाचायची आणि अरबी उजवीकडून! चांगल्या पोराची दमछाक होते, तिथं याचं काय होत असेल?

पैगंबर साहेबांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींना हदीस म्हणतात. त्यात सांगितलं आहे, की जो अडखळत, कष्टानं कुराण वाचतो, त्याला दोन सवाब मिळतात. सवाब म्हणजे पुण्य. एक वाचण्याचा, दुसरा कष्टाचा, असं जाणकार सांगतात. ज्याला दुप्पट पुण्य, त्याच्या पाठीत छडी कशाला?

आता ज्याची समज हळू आहे, त्याला नीती कशी शिकवावी? "खरं बोल, चांगलं वाग" हे शब्द त्याला हाती लागत नाहीत. पैगंबर साहेबांच्या घरी उमर नावाचा लहान मुलगा वाढत होता. जेवताना त्याचा हात ताटभर फिरायचा. साहेबांनी त्याला तीनच गोष्टी सांगितल्या. अल्लाहचं नाव घे, उजव्या हातानं खा, आपल्या समोरचं खा. त्या मुलानं पुढं सांगितलं, की तेव्हापासून मी तसाच जेवतो. पाहा, किती थोडके शब्द! आणि तेही ताटावर बसल्यावर, नंतर नव्हे.

आपणही तसंच करावं. वजू करायचा तर शेजारी बसून आपण करावा, पोरानं पाहून करावा. रोज तोच क्रम, तेच शब्द. अमानत शिकवायची, म्हणजे दुसऱ्याची वस्तू जपून परत द्यायची, तर दहाची नोट देऊन दुकानात पाठवा. उरलेले पैसे त्यानं आणून हातावर ठेवले, की तिथंच शाबासकी द्या. वाटेतला काटा दूर करणं हेही इस्लाममध्ये दान मानलं आहे. ते काम या पोराला छान जमतं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. "तू फोडलं का?" असं दरडावून विचारलं, की असं लेकरू भिऊन "हो" म्हणतं. उद्या उलटं विचारा, तरी "हो"च म्हणेल. त्याला खोटारडं ठरवू नका. दोजखची, म्हणजे नरकाची, भीती तर घालूच नका. शब्दाचा शब्द धरून ते रात्र रात्र झोपत नाही. ज्याला समज नाही, त्याचा हिशेब लिहिला जात नाही, असंही हदीसमध्ये आहे.

मोठ्यांचं ऐकावं हे जरूर शिकवा. पण अंगाला कुणी नको तिथं हात लावला, तर "नाही" म्हणून ओरडायचं आणि आईला सांगायचं, हेही शिकवा. हयेचा, म्हणजे लाजेचा, हाच खरा धडा आहे. अशा लेकरांना फसवणारे लोक पुष्कळ असतात.

आपल्या जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही जातात. दुवा मागायला खुशाल जा. पण भूत काढतो म्हणून कुणी लेकराला साखळीनं बांधत असेल, मारत असेल, तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे.

बुलढाण्याला सरकारी दवाखान्यातही जा. तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र मागा. २०१६ च्या कायद्यानं ४० टक्के किंवा जास्त अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्रमाणपत्राची एक नक्कल शाळेत द्या आणि मूळ कागद घरी पेटीत ठेवा.