सॉफ्ट पॉवर आणि आपली मेस

'सॉफ्ट पॉवर' म्हटलं की वाटतं, हे काहीतरी कॉम्प्युटरवाल्यांचं असणार! तसं नाही. हार्वर्डचे प्राध्यापक जोसेफ नाय यांनी १९९० मध्ये हा शब्द रूढ केला. दुसऱ्या देशाने आपलं ऐकावं म्हणून सैन्य पाठवायचं किंवा पैसे मोजायचे, ही हार्ड पॉवर. त्या देशातल्या लोकांना आपण मनापासून आवडायला लागलो आणि म्हणून त्यांनी आपलं ऐकलं, तर ती सॉफ्ट पॉवर.

सिनेमा, क्रिकेट, योग ही तिची साधनं आहेतच. पण सर्वांत खोल रुजतं ते शिक्षण. विशीतला मुलगा चार वर्षं परक्या देशात राहतो, तिथली भाषा, जेवण, दोस्ती घेऊन घरी जातो. पुढे तो अधिकारी किंवा मंत्री झाला, तरी त्या देशाचं नाव निघालं की त्याला आधी आपलं हॉस्टेल आठवतं. हे ओळखून अमेरिकेने १९४६ मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्ती सुरू केली. आपल्याकडे मौलाना आझाद यांनी १९५० मध्ये भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. तिच्या शिष्यवृत्तीवर आजही परदेशी मुलं भारतात शिकतात. अफगाणिस्तानचे माजी अध्यक्ष हमीद करझाई शिमल्याच्या हिमाचल प्रदेश विद्यापीठाचे विद्यार्थी, हे किती जणांना माहीत आहे?

२०१८ मध्ये सरकारने 'स्टडी इन इंडिया' ही योजना आणली. परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्यासाठी वेगळं कार्यालय असावं, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. धोरण चांगलंच आहे. पण आकडे बघा. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीनुसार देशभरात परदेशी विद्यार्थी होते सुमारे ४७ हजार. उलट २०२३-२४ मध्ये एकट्या अमेरिकेत आपले विद्यार्थी होते ३ लाख ३१ हजारांवर!

शिक्षणाचा दर्जा, पुढे नोकरीची संधी ही कारणं आहेतच. पण आपल्या वागण्याचं काय? मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मारहाण केली. हा वंशद्वेष आहे, असं आफ्रिकी देशांच्या राजदूतांनी जाहीर निवेदनात म्हटलं. वर्षानुवर्षांच्या शिष्यवृत्त्यांनी कमावलेलं एका संध्याकाळीत गेलं.

नोएडा लांब आहे म्हणू नका. फर्स्ट इयरला आमच्या विंगमध्ये एक आफ्रिकी मुलगा होता. पहिली टर्म तो मेसमध्ये एकटाच जेवायचा. आम्ही कुणी वाईट नव्हतो, फक्त त्याच्या टेबलावर बसायचो नाही. आणि आपापसात त्याला एक नाव ठेवलं होतं. एका रात्री त्याने मला शांतपणे विचारलं, "या शब्दाचा अर्थ काय रे?" मला सांगता आलं नाही. खरं तर अर्थ त्याला कळलेलाच होता.

याच्या अगदी उलट एक गोष्ट पुण्याची. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनच्या हॉस्टेलचे रेक्टर होते. एक मुलगी मुलांच्या हॉस्टेलच्या खिडकीतून कुणाला तरी काहीतरी देताना त्यांना दिसली. आधी त्यांना संशय आला. चौकशी केली तेव्हा कळलं, मुलगा मॉरिशसचा, त्याला कावीळ झालेली, मेसचं जेवण चालत नव्हतं, म्हणून ती त्याला जेवण आणून देत होती. परक्या मुलांचे हे हाल पाहून त्यांनी जे काम हाती घेतलं, त्यातूनच १९७१ मध्ये 'सिंबायोसिस' उभी राहिली.

थोडक्यात काय, तर धोरण दिल्लीत ठरतं, पण ते पास होतं की नापास, ते आपल्या मेसमध्ये ठरतं. ऑफिसातल्या मंडळींनीही फॉर्मसाठी चार खेपा घालायला लावताना हे आठवावं. मी माझं ताट उचलून त्याच्या टेबलावर गेलो, पण फार उशिरा, दुसऱ्या टर्मला. या वर्षीही नवीन मुलं आली आहेत. तुम्ही पहिल्याच दिवशी जा!