कुकटपल्लीचा चढ आणि अडीचशे वॉट

विजेवरची सायकल : भाग चौथा

हैदराबादमध्ये केपीएचबी कॉलनीतून हायटेक सिटीला मेट्रोने निघालेला माणूस आधी हायटेक सिटीपासून लांब जातो. लाल मार्गिकेवरून कुकटपल्ली, मूसापेट, एर्रागड्डा करत अमीरपेटला उतरायचं, जिने चढून निळी मार्गिका गाठायची आणि पुन्हा पश्चिमेकडे यायचं. मियापूर ते अमीरपेट हा टप्पा नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाला आणि मार्च २०१९ मध्ये निळी मार्गिका हायटेक सिटीला पोचली. दोन्ही मार्ग शहराला उपयोगाचेच आहेत, पण केपीएचबीवाल्यांसाठी त्यांचा आकार इंग्रजी ‘व्ही’सारखा होतो. सरळ रस्त्याने हेच अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर आहे. पायी जायला ते फार आणि मोटारीने गर्दीत अडकून बसायला फार थोडं. विजेची सायकल नेमकी अशाच अंतरासाठी बनलेली आहे.

तरीही दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, ‘एका चार्जमध्ये किती जाते?’ विक्रेता पन्नास, साठ, कधी ऐंशी किलोमीटरचा आकडा सांगतो आणि सौदा त्या आकड्यावर ठरतो. खरं तर खरेदीची सुरुवात दुकानात नव्हे, रोजच्या रस्त्यावर करायला हवी. रस्ता किती लांब, चढ कुठे, सायकल ठेवायची कुठे आणि बॅटरी चार्ज करायची कुठे, हे चार प्रश्न सुटले की कोणती सायकल घ्यायची हे बहुतेक आपोआपच ठरतं.

आकड्याचा हिशेब घरी करता येतो. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात. त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट-अवर. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-अवर म्हणजे सुमारे २८० वॉट-अवर. थांबत-सुटत जाणाऱ्या शहरी रस्त्यावर, माणूस प्रामाणिकपणे पाय मारत असेल, तर किलोमीटरला साधारण १० ते १२ वॉट-अवर लागतात. पाय न मारता नुसता थ्रॉटल पिळला तर १५ किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे हीच बॅटरी एकाला पंचवीस किलोमीटर नेते, तर दुसऱ्याला अठरावरच सोडते. केपीएचबी ते हायटेक सिटी जाऊन-येऊन चौदा किलोमीटर होतात. वाटेत भाजी आणि मुलांची शिकवणी धरली तर वीस. त्यात बॅटरी जुनी होते. पाचशे ते आठशे पूर्ण चक्रांनंतर तिची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असं धरून चालावं. ऐंशी टक्के म्हणजे २२४ वॉट-अवर. पाय मारणाऱ्याचे वीस किलोमीटर त्यातही कसेबसे बसतात, थ्रॉटलवाल्याचे बसत नाहीत. त्याने ३७५ वॉट-अवर किंवा त्याहून मोठी बॅटरी पाहावी, नाहीतर ऑफिसात चार्जिंगची सोय पाहावी.

वेगाचाही यात वाटा आहे. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरला चाकापाशी शंभरेक वॉट पुरतात, पण ताशी २५ ला सुमारे पावणेदोनशे लागतात. कारण हवेचा विरोध मोडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सात किलोमीटरच्या वाटेवर पाचाने वेग कमी ठेवला तर चारेक मिनिटंच जास्त लागतात.

मग येतो चढ. हैदराबाद हे खडकाळ पठारावरचं शहर आहे. कुकटपल्लीच्या आसपास रस्ते सतत खाली-वर होतात, शिवाय उड्डाणपूल आणि रेल्वेवरचे पूल आहेतच. जून २०२२ मध्ये खुल्या झालेल्या कैतलापूरच्या रेल्वे उड्डाणपुलाने कुकटपल्लीकडून हायटेक सिटीकडे जायला आणखी एक वाट मिळाली. शंभरात पाच मीटरचा चढ धरू. माणूस आणि सायकल मिळून वजन शंभर किलो असेल, तर ताशी १५ किलोमीटरने तो चढायला जवळजवळ २७० वॉट लागतात. अडीचशे वॉटची मोटर उष्णतेत जाणारा भाग वजा करता चाकाला दोनशेच्या आत-बाहेर देते. उरलेले सत्तर-ऐंशी पायांनी द्यायचे. निरोगी माणसाला ते सहज जमतं. मोटर एकट्याने हे करायला गेली की वेग घसरतो, आणि वेग घसरला की चाकातली मोटर जास्त करंट ओढून तापते. म्हणून चढ सुरू होण्याआधीच गिअर हलका करावा आणि पाय भरभर फिरवावेत. बॅटरी आणि मोटर दोन्ही जास्त टिकण्याचा यापेक्षा सोपा उपाय नाही.

चाकात बसवलेली हब मोटर भारतातल्या बहुतेक सायकलींत असते. पायडलच्या आसापाशी बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर सायकलच्या गिअरचा फायदा घेते, त्यामुळे चढावर ती सरस ठरते, पण महागही पडते. कुकटपल्लीच्या चढांना चांगली हब मोटर पुरते. त्याहून महत्त्वाचा फरक सेन्सरचा आहे. स्वस्त सायकलीत पायडल फिरतं आहे एवढंच सेन्सरला कळतं. टॉर्क सेन्सरला पाय किती जोराने दाबतो आहे तेही कळतं आणि मदत त्या प्रमाणात मिळते. पहिल्या प्रकारात सिग्नलला पायडल जरा हललं तरी सायकल पुढे झेपावू शकते. तिथे थांबताना ब्रेक धरून ठेवावा. ब्रेक ओढला की मोटर बंद करणारं कट-ऑफ ब्रेकच्या दांड्यात आहे की नाही, हे घेण्याआधी चालवून पाहावं. नसेल तर ती सायकल घेऊ नये.

अडीचशे वॉटचा आकडा कायद्यातून येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत, नीट ब्रेक आणि पुढे-मागे परावर्तक असले की अशी सायकल ‘मोटार वाहन’ ठरत नाही. मग लायसन्स, नोंदणी किंवा विमा लागत नाही. मात्र ते मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेलं असावं लागतं. तो कागद मागून पाहायला संकोच करू नये. काही दुकानदार ‘स्पीड अनलॉक करून देतो’ म्हणतात. त्या क्षणी ती सायकल कायद्याने विनानोंदणीची, विनाविम्याची गाडी होते आणि अपघात झाला तर चालवणाऱ्याच्या बाजूने काहीच उरत नाही. सायकलीचे ब्रेक आणि रिमही त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

रस्त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. हैदराबादने ऑक्टोबर २०२३ मध्ये बाह्य वळण मार्गालगत २३ किलोमीटरचा, डोक्यावर सौर पटलांचं छप्पर असलेला सायकल मार्ग खुला केला. नानकरामगुडा आणि कोल्लूरच्या बाजूला तो खरोखर देखणा आहे, पण कुकटपल्लीच्या नोकरदाराच्या वाटेवर तो येत नाही. त्याच्या वाटेवर पुण्याहून सोलापूरमार्गे येणारा आणि पुढे विजयवाड्याला जाणारा महामार्ग आहे, बस आहेत, उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी आहेत. अशा ठिकाणी उड्डाणपुलापेक्षा खालचा रस्ता किंवा कॉलनीतल्या आतल्या गल्ल्या बऱ्या, पाच मिनिटं जास्त लागली तरी. हेल्मेट आणि दिवसाही लुकलुकणारा मागचा दिवा हवाच. विजेची सायकल साध्या सायकलीपेक्षा जड आणि वेगवान असते. समोरच्या गाडीवाल्याला मात्र ती साधी सायकलच दिसते आणि तो तिच्या वेगाचा अंदाज चुकवतो.

चार्जिंगच्या बाबतीत या शहराने एक भयंकर रात्र पाहिली आहे. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबादमध्ये एका इमारतीच्या खालच्या भागातल्या ई-स्कूटर शोरूममध्ये आग लागली. धूर वरच्या हॉटेलात शिरला आणि आठ माणसं दगावली. सायकलची बॅटरी स्कूटरच्या बॅटरीहून बरीच लहान असते, पण लिथियमच्या पेशी पेटल्या की विझवणं कठीण आणि धूर विषारी, हे दोन्हीकडे सारखंच. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बॅटरी जिन्यात किंवा बाहेर पडायच्या दाराजवळ चार्जिंगला लावू नये, रात्री झोपताना लावू नये आणि गादी-सोफ्यावर तर कधीच ठेवू नये. फरशीवर, जाग्या डोळ्यांसमोर, कंपनीच्याच चार्जरने चार्ज करावी. २ अँपिअरच्या चार्जरला ७.८ अँपिअर-अवरची बॅटरी भरायला चारेक तास लागतात. रोजच्या चौदा किलोमीटरला पाव युनिटही वीज लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याच्या शेडखालची बॅटरी हवेहूनही तापते. बहुतेक लिथियम-आयन पेशींना ४५ अंशांवर चार्जिंग मानवत नाही. घरी आल्यावर बॅटरी काढून पंख्याखाली तासभर निवू द्यावी, मग चार्जरला लावावी. यासाठी काढता येणारी बॅटरी हवी, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तर तिच्याशिवाय दुसरी घेऊच नये. बावीस-पंचवीस किलोची सायकल रोज तीन मजले चढवणारा माणूस महिनाभरात ती वापरायचं सोडतो.

पावसाळ्यात बॅटरीवरचा आयपी क्रमांक वाचावा. आयपी ६७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. तरीही चाकाच्या आसापर्यंत पाणी साचलं असेल तर उतरून वाट बदलावी, कारण मोटरमध्ये वायर शिरते ती जागा तिथेच असते. धुताना पाण्याचा जोरदार फवारा नको, ओलं फडकं पुरतं.

बाकी देखभाल साध्या सायकलीसारखीच आहे, फक्त जास्त वेळा करावी लागते. वजनामुळे ब्रेकचे पॅड लवकर झिजतात आणि मोटरच्या चाकाचे स्पोक सैल होतात. चेनला तेल, दर आठवड्याला टायरवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा. खरी अडचण पंक्चरची. मागच्या चाकात मोटर असली की रस्त्यावरचा पंक्चरवाला हात लावायला कचरतो, कारण चाक काढायचं तर वायरचा जोड सोडवावा लागतो आणि आसाचे नट बहुधा १८ मिलिमीटरच्या पान्याने खोलावे लागतात. उपाय सोपा आहे. चाक जागेवरच ठेवून टायरची एक बाजू उघडायची, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढून ठिगळ लावायचं. पाना, ठिगळं आणि टायर उचलायच्या दोन पट्ट्या पिशवीत असाव्यात. वायरचा जोड कुठे आहे आणि कसा सुटतो, हे सायकल घेताना दुकानातच करून पाहावं.

गणपतीला किंवा दिवाळीला सोलापूर, लातूर, नांदेडला गावी जाणारी मराठी कुटुंबं कुकटपल्लीत पुष्कळ आहेत. पंधरा दिवस घर बंद राहणार असेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. अर्धी भरलेली, सायकलीपासून वेगळी काढलेली, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी, आणि चार्जर भिंतीच्या सॉकेटमधून काढून जावं.

(पुढच्या आठवड्यात : जुन्या सायकलीला बसवायचे मोटर-किट, कोणत्या फ्रेमला चालतात आणि कोणत्या नाही)