निवडणूकपूर्व धोरणचर्चा आणि ग्रामीण मतदार : आपटा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

संसदीय लोकशाहीत मतदार केवळ उमेदवाराची निवड करीत नाही, तर त्याच्या पक्षाने मांडलेल्या धोरणालाही संमती देतो, असे गृहीत धरले जाते. निवडणुकीपूर्वी मतदारांत होणाऱ्या चर्चेला महत्त्व येते ते यामुळेच. ग्रामीण मतदार मात्र जात, नातेसंबंध आणि उमेदवाराची ओळख पाहून मत देतो, धोरणांची चर्चा हा शहरी सुशिक्षितांचा विषय आहे, असा समज सर्वत्र आढळतो. पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेले आपटा हे गाव आणि त्याभोवतीचा पनवेल-उरण-पेण हा पट्टा विचारात घेतल्यास हा समज तपासून पाहणे आवश्यक ठरते. या पट्ट्यातील मतदारांची धोरणचर्चा कोणत्या प्रश्नांभोवती घडली, ती मतपेटीपर्यंत केव्हा पोहोचली आणि केव्हा पोहोचू शकली नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

धोरणप्रश्नांचे दोन प्रकार

डोनाल्ड स्टोक्स या राज्यशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये निवडणुकीतील प्रश्नांचे दोन प्रकार सांगितले. पुढे डेव्हिड बटलर यांच्यासह त्यांनी ब्रिटनमधील मतदारांचा केलेला अभ्यास १९६९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि तेथील निवडणुकांच्या विश्लेषणात ही मांडणी रूढ झाली. पहिला प्रकार सहमतीच्या प्रश्नांचा. रस्ते हवेत, महागाई नको, याविषयी कोणाचेच दुमत नसते. येथे मतदार 'काय करणार' यापेक्षा 'कोण करून दाखवील' हे पाहतो. दुसरा प्रकार मतभेदाच्या प्रश्नांचा. येथे पक्ष परस्परविरोधी बाजू घेतात आणि मतदाराला त्यांपैकी एक निवडावी लागते. आपटा परिसरात या दोन्ही प्रकारांची ठळक उदाहरणे आढळतात. लोहमार्ग हा सहमतीचा प्रश्न होता, तर जमीन हा मतभेदाचा.

लोहमार्ग : सहमतीचा प्रश्न

१९६० च्या दशकात दिवा-पनवेल मार्ग आपट्यापर्यंत आला आणि तेथेच थांबला. कोकणाला रेल्वे हवी, हे सर्वच पक्ष सांगत होते. तरीही आपट्यापुढील मार्ग रोह्यापर्यंत पोहोचण्यास १९८६ हे वर्ष उजाडले. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० मध्ये झाली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. दोन दशके रेल्वेचे अखेरचे स्थानक राहिलेल्या गावाला आश्वासन आणि अंमलबजावणी यांतील अंतर समजावून सांगण्यास वेगळ्या उदाहरणाची गरज नव्हती. सहमतीच्या प्रश्नात जाहीरनाम्यातील शब्दांना फारसे मोल नसते. मुदत, निधी आणि पाठपुरावा यांवरच पक्षाची पारख होते, हे या प्रश्नाने दाखवून दिले.

जमीन : मतभेदाचा प्रश्न

जमिनीच्या प्रश्नाचे स्वरूप वेगळे होते. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यात खोतीविरुद्धच्या लढ्याची परंपरा होती. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी येथील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ या काळात केलेला संप हा तिचा ठळक टप्पा होय. १९४८ चा कूळ कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांमुळे जमीन कसणाऱ्याची मालकी हा राजकारणाचा केंद्रबिंदू झाला. याच भूमीत शेतकरी कामगार पक्ष रुजला.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून चिंतामणराव देशमुख काँग्रेसच्या वतीने लोकसभेवर गेले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयाच्या निषेधार्थ त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. १९५७ मध्ये ही जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली आणि पनवेलमधून दि. बा. पाटील विधानसभेत पोहोचले. भाषिक राज्य आणि कुळांचे हक्क या दोन प्रश्नांवर पक्षांच्या भूमिका स्पष्टपणे वेगळ्या असल्याने मतदारास निवड करणे शक्य झाले.

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाच्या कक्षेत आल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षाअखेरीस झालेल्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट असतानाही कुलाबा मतदारसंघाने दि. बा. पाटील यांना निवडून दिले. हा निकाल केवळ एका प्रश्नाचा परिणाम होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तथापि राष्ट्रीय लाटेपेक्षा स्थानिक धोरणप्रश्न मतदाराला अधिक जवळचा वाटू शकतो, हे त्यातून सूचित होते. विकसित जमिनीतील वाटा भूधारकाला परत देणारी 'साडेबारा टक्के' योजना पुढे १९९० च्या दशकात साकारली, तिचे मूळ याच चर्चेत आणि संघर्षात होते.

पक्षांचे एकमत आणि मतदाराची कोंडी

मतभेदाच्या प्रश्नावर प्रमुख पक्षांचेच एकमत झाले, तर मतदाराने काय करावे? विशेष आर्थिक क्षेत्राच्या निमित्ताने हा प्रश्न याच पट्ट्यात उभा राहिला. या क्षेत्रांचे धोरण २००० मध्ये राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या सरकारने आणले आणि त्याचा कायदा २००५ मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात झाला. दोन प्रमुख आघाड्यांपैकी कोणालाही मत दिले, तरी मूळ धोरण तेच राहणार होते. उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील ४५ गावांच्या परिसरात 'महामुंबई' विशेष आर्थिक क्षेत्र प्रस्तावित झाले, तेव्हा जमीन द्यावी की न द्यावी, ही चर्चा निवडणुकीबाहेर गेली. ग्रामसभा, मोर्चे आणि न्यायालय ही तिची व्यासपीठे ठरली. या लढ्यात प्रा. एन. डी. पाटील यांचा पुढाकार होता.

अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेण तालुक्याच्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला. लोहमार्गाने आपट्यानंतर लागणारे जिते हे स्थानक याच पेण तालुक्यात आहे. म्हणजे शेजारच्याच तालुक्यात मतदार व्यक्तीला नव्हे, तर धोरणाला मत देत होता. कौल मोठ्या प्रमाणावर प्रकल्पाच्या विरोधात गेला. मात्र त्या वेळी लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अशा कौलाला स्थान नव्हते. प्रत्यक्षात संपादनाची प्रक्रिया थांबली ती २००९ मध्ये, कायद्याने ठरवून दिलेली दोन वर्षांची मुदत संपल्यामुळे. लोकमताने जे व्यक्त केले, ते घडून आले तांत्रिक कारणाने. त्यामुळे लोकमताचा अधिकार अधोरेखित होण्याचे राहूनच गेले.

ब्रिटनच्या अनुभवाशी तुलना

पक्षरचनेत न सामावणारा प्रश्न थेट मतदारापुढे नेण्याचा मार्ग ब्रिटनने दोनदा युरोपच्या संदर्भात स्वीकारला. १९७५ मध्ये सत्तारूढ मजूर पक्षातच युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वाविषयी दुफळी होती, म्हणून सार्वमत झाले. २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हुजूर पक्षाने सार्वमताचे आश्वासन जाहीरनाम्यात दिले आणि २३ जून २०१६ रोजी ते घेतले. कायद्याने बंधनकारक नसतानाही दोन्ही निकाल सरकारांनी मान्य केले. त्याचप्रमाणे सत्तारूढ पक्षाने जाहीरनाम्यात आश्वासन दिलेल्या विधेयकाला उमराव सभेने दुसऱ्या वाचनात विरोध करू नये, असा संकेत १९४५ पासून तेथे पाळला जातो. जाहीरनाम्याला तेथे असे घटनात्मक वजन प्राप्त झाले आहे.

भारतात जाहीरनामा न्यायालयात बजावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी दिलेल्या निर्देशानंतर निवडणूक आयोगाने २०१४ मध्ये आदर्श आचारसंहितेत जाहीरनाम्याविषयी स्वतंत्र भाग समाविष्ट केला. आश्वासनामागील तर्क आणि त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्याचे मार्ग पक्षांनी सूचित करावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. ही अपेक्षा प्रत्यक्षात उतरविण्याचे साधन मात्र मतदाराने विचारलेला प्रश्न हेच आहे.

बदललेली चौकट

२००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर या चर्चेची भौगोलिक चौकट बदलली. पनवेल आणि उरण हे विधानसभा मतदारसंघ मावळ लोकसभा मतदारसंघात गेले. कर्जत, मावळ, चिंचवड व पिंपरी हे त्याचे अन्य घटक होत. पेण मात्र रायगड मतदारसंघात राहिले. परिणामी आपटा आणि जिते या लगतच्या स्थानकांवरील मतदार वेगवेगळ्या खासदारांना निवडून देतात, तर आपट्याचा मतदार घाटापलीकडील औद्योगिक नगरांतील मतदारांसमवेत मत देतो. पाताळगंगेच्या खोऱ्यातील जमिनीचा प्रश्न एवढ्या विस्तृत मतदारसंघाच्या प्रचारात मागे पडण्याची शक्यता वाढते.

कायद्याची चौकटही बदलली. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी प्रकल्पांसाठी ८० टक्के आणि सार्वजनिक-खाजगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांच्या संमतीची अट घातली व सामाजिक परिणामांचे मूल्यांकन अनिवार्य केले. या अटी शिथिल करणारा अध्यादेश डिसेंबर २०१४ मध्ये निघाला आणि देशव्यापी विरोधानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये व्यपगत झाला. तथापि २०१८ मध्ये महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना मूल्यांकनाच्या तरतुदीतून सूट दिली. लोकसभेच्या प्रचारात गाजलेला प्रश्न अशा रीतीने विधानसभेच्या कक्षेत आला. कोणत्या निवडणुकीत कोणता प्रश्न विचारावा, याचे भान मतदाराला असणे म्हणूनच गरजेचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१. ग्रामीण मतदार धोरणांविषयी उदासीन असतो, हे गृहीतक या पट्ट्याच्या इतिहासाला लागू पडत नाही. धोरण त्याच्या उपजीविकेशी भिडते तेव्हा तो त्याची सखोल चर्चा करतो.

२. पक्षांच्या भूमिका भिन्न असतील तरच ही चर्चा मतपेटीतून व्यक्त होते. १९५७ मध्ये असा पर्याय उपलब्ध होता. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर प्रमुख आघाड्यांनी तो ठेवला नाही.

३. अशा वेळी ग्रामसभा हे निवडणूकपूर्व चर्चेचे नैसर्गिक व्यासपीठ ठरू शकते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर लढविली जात नाही. त्यामुळे गावातील सर्व पक्षांच्या समर्थकांना तेथे एकत्र बसून प्रश्न निश्चित करणे तुलनेने सोपे जाते.

४. उमेदवाराला विचारावयाचे प्रश्न नेमके असावेत. संपादनापूर्वी संमती घेणार काय, मूल्यांकनातून सूट देण्याविषयी पक्षाची भूमिका कोणती, मोबदला किती मुदतीत आणि कोणत्या निधीतून देणार, या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदली गेल्यास पुढील निवडणुकीत तीच नोंद मूल्यमापनाचा आधार ठरेल.

दिलेले आश्वासन आणि झालेले काम यांचा ताळेबंद मांडण्याची सवय गावाला लागली, तर निवडणूकपूर्व चर्चा मतदानाच्या दिवशी संपत नाही, ती पाच वर्षे चालू राहते. जमिनीसारख्या एकदा गेल्यावर परत न मिळणाऱ्या साधनाच्या बाबतीत ही सवय हाच मतदाराचा खरा आधार आहे.